निमंत्रणावाचून

सर्बियातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती कुटुंबांत ‘स्लावा’ नावाचा सण पाळला जातो. प्रत्येक कुळाचा एक संरक्षक संत असतो; तो वारशाने बापाकडून मुलाकडे येतो. त्या संताच्या दिवशी घरोघर मेणबत्ती, नक्षीचा पाव, वाइन आणि शिजवून गोड केलेले गहू मांडले जातात. २०१४ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशात या प्रथेची नोंद केली.

या सणाचे नियम परक्याला चमत्कारिक वाटावेत असे आहेत. देवदूत मिखाईलाच्या दिवशी पुष्कळ ठिकाणी गहू शिजवीत नाहीत. कारण लोकसमजुतीप्रमाणे गहू मृतांसाठी, आणि देवदूताला मरण कोठले? गहू हे पुनरुत्थानाचे प्रतीक आहे, असे धर्मगुरू सांगतात; तरी समजूत टिकून आहे. जुन्या वळणाचा यजमान त्या दिवशी खाली बसत नाही, उभ्यानेच पाहुण्यांची सरबराई करतो. परंतु आम्हांस विचारात पाडणारा नियम निराळाच आहे : स्लावाला कोणी कोणाला बोलावीत नाही. दिवस ठाऊक असतो, दार उघडे असते. ज्याला यायचे तो येतो.

निमंत्रण देताना आपण माणसे निवडतो. निवडीत प्रेम असते हे खरे. पण वगळणेही तिच्यातच असते. स्लावाचा नियम यजमानाच्या हातून हा अधिकारच काढून घेतो. बांधावरून भांडलेला शेजारी उंबऱ्याशी उभा राहिला, तर त्याला आत घेणे आले.

मग सक्तीचे औदार्य हे औदार्य असते काय? शिवाय किती जणांना जेवू घालावे लागेल हे आधी न कळणे, ही बेताच्या ऐपतीच्या घराला लहान चिंता नव्हे. हे दोन्ही आक्षेप आम्हांस मान्य आहेत. नियमाने प्रेम उत्पन्न होत नाही. पण समेटासाठी एरवी कोणीतरी आधी वाकावे लागते, आणि तेथेच माणसे अडतात. येथे एकाने बोलावले नाही, दुसरा क्षमा मागायला आला नाही. तो संताच्या दिवशी आला, इतकेच. दोघांचाही मान राहतो, आणि वाट बुजत नाही.

आपल्या भाषेत तिथी न पाहता येणारा तो अतिथी. स्लावाचा पाहुणा नेमकी तिथी पाहूनच येतो. दोघांनाही निमंत्रण नसते. तसे दार वर्षातून एक दिवस तरी आम्ही उघडे ठेवतो काय?