झरणीच्या पाण्यात उतरताना

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्त हो, मार्गशीर्ष लागला की आपल्या धाराशिव जिल्ह्यातून यात्रेच्या गाड्या निघतात. नळदुर्ग, उमरगा करत हैदराबादच्या रस्त्यानं पुढं गेलं की हुमनाबादजवळ माणिकनगर लागतं. श्रीमाणिकप्रभूंचा जन्म १८१७ सालचा, तोही दत्तजयंतीच्याच दिवशी. त्यामुळं तिथला उत्सव म्हणजे एका दिवसात दोन जयंत्या. इतक्या लांब आलोच आहोत तर बीदरचा झरणी नृसिंहही करून घेऊ, असं गाडीतलं कुणीतरी म्हणतं. आणि मग काहीजणांच्या पोटात गोळा येतो.

ज्यांनी ते ठिकाण पाहिलेलं नाही, त्यांच्यासाठी सांगतो. डोंगराच्या पोटात सुमारे ३०० मीटर लांबीचा अरुंद बोगदा आहे. बीदरचं पठार जांभ्या दगडाचं. पावसाचं पाणी त्या सच्छिद्र दगडातून झिरपत खाली जातं, खालच्या काळ्या कातळाशी अडतं आणि झऱ्यांच्या रूपानं बाहेर येतं. झरणीच्या बोगद्यात असंच पाणी साठलेलं असतं. कुणाच्या कमरेला लागतं, कुणाच्या छातीला. वर छताला वटवाघळं. आता दिवे लावलेत, हवा खेळती राहावी अशी सोयही केली आहे. पण पायाखालची जमीन दिसत नाही ती नाहीच. या पाण्यातून पावलापावलानं चालत शेवटाला गेलं की भिंतीवर नृसिंह आणि जवळच शिवलिंग. तिथं जागा इतकी थोडी की चार-सहाजणांनी उभं राहावं, दर्शन घ्यावं आणि मागच्यांना वाट द्यावी.

तरणी मंडळी हसत-ओरडत आत जातात. लेकरं बापाच्या खांद्यावर बसून जातात. पण एवढ्या लांब येऊन कुणीतरी बाहेर पायरीवर टेकतंच. "तुम्ही जाऊन या, मी इथं चपला सांभाळते," म्हणतात. सुना आग्रह करतात, नातू हसतात, "आजी घाबरली" म्हणतात. आजीही हसते, पण तिच्या मनाला ते लागतं. आयुष्यभर देव देव केलं आणि देवाच्या दारात येऊन पाय मागं का येतोय, असं तिला वाटत राहतं. आजचं बोलणं चपला सांभाळणाऱ्या या मंडळींसाठी आहे.

पहिली गोष्ट ही की भीती वाटणं हे पाप नव्हे आणि भक्ती कमी असल्याची खूणही नव्हे. आपला मुलूख दुष्काळी. विहिरीत उड्या मारून पोहायला शिकलेले पुरुष थोडेतरी सापडतील. पण आपल्या आयाबहिणींनी पाणी पाहिलं ते घागरीत आणि हंड्यात. त्यांना एकदम छातीइतक्या पाण्यात अंधारात चला म्हटलं, तर काळीज धडधडणारच.

आणि मायबाप हो, भागवतातला प्रसंग आठवा. हिरण्यकशिपूचा वध झाला, तरी नृसिंहाचा कोप शमेना. देवांनी लांबूनच स्तुती केली. प्रत्यक्ष लक्ष्मीला पुढं पाठवलं, तर तिचंही धाडस झालं नाही. जिनं रोज ज्याचे पाय चेपले, ती त्याच्याजवळ जायला भ्याली! मग ब्रह्मदेवानं प्रल्हादाला सांगितलं, "बाळा, तू जा." ते लेकरू गेलं आणि देवाच्या पायाशी आडवं झालं. देवानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला. लक्ष्मी भ्याली म्हणून तिला कुणी अभक्त म्हटलं का? तेव्हा नातवंडांनी हसू नये आणि आजीनंही मनाला लावून घेऊ नये.

दुसरी गोष्ट. भीतीला "जा" म्हटलं की ती जात नाही. उलट ऐसपैस बसते. मग करायचं काय? इथं आपले अवधूत दत्तप्रभू उपयोगी पडतात. यदुराजाला त्यांनी चोवीस गुरू सांगितले. भागवताच्या एकादश स्कंधातली ही कथा, आणि त्यावर नाथमहाराजांनी मराठीत केवढा विस्तार केलाय. त्या चोवीसांतला शेवटचा गुरू म्हणजे कुंभारीण माशी. ती एक कीटक पकडून आणते आणि मातीच्या घरट्यात कोंडते. तो कीटक भीतीनं सारखं तिचंच ध्यान करतो आणि ध्यान करता करता तिच्याच रूपाचा होतो. अवधूत म्हणतात, प्रेमानं, द्वेषानं किंवा भयानं, कशानंही मन एकाच ठिकाणी पूर्ण लागलं की ते त्या वस्तूसारखं होतं.

बघा, केवढी मोठी गोष्ट आहे ही! माळ घेऊन बसलं तर मन गॅसवरच्या दुधाकडं जातं, बँकेच्या पासबुकाकडं जातं. पण घाबरलेलं मन कधी इकडंतिकडं जातं का? ते एकाच गोष्टीला घट्ट धरून बसतं. म्हणजे एकाग्रता आपल्याकडं आहे. फक्त ती चुकीच्या ठिकाणी लागली आहे. "बुडाले तर, पाय घसरला तर, दिवे गेले तर", असा भीतीचाच जप चाललेला असतो. तो जप बंद पाडायला जाऊ नका, नाव बदला. त्याच जोरानं, त्याच कळकळीनं "श्रीगुरुदेव दत्त" म्हणा. आणि मनातल्या मनात नको, तोंडानं म्हणा.

तोंडानं का? यात देहाचीही एक गंमत आहे. छातीइतक्या पाण्यात गेलं की पाण्याचा दाब छातीवर येतो, श्वास तोकडा होतो. श्वास तोकडा झाला की मन म्हणतं, आता संपलं. मग माणूस आणखी भराभर श्वास घेतो आणि जीव आणखी घाबरा होतो. नाम मोठ्यानं घेतलं की श्वास सावकाश, लांब बाहेर सुटतो. श्वास सुटला की खांदे उतरतात, हाताच्या मुठी सैल होतात. आपल्या पूर्वजांनी वारीत, पालखीत, अंत्ययात्रेतसुद्धा मोठ्यानं नाम घ्यायला लावलं, ते उगीच नाही.

पाण्यात पाऊल हलकं पडतं, तोल जातोसा वाटतो. म्हणून पाय उचलून टाकू नका, जमिनीला घासत सरकवा. पुढं एक माणूस, मागं एक माणूस आणि हातात एक हात असू द्या. बोगदा केवढा उरलाय हे विचारू नका. एक पाऊल, एक नाम, एवढंच धरा. गुरू तरी दुसरं काय करतात? सगळा रस्ता उजेडात दाखवत नाहीत. पुढच्या पावलापुरता हात देतात. आपण मागतो तीनशे मीटरचा उजेड, आणि हात मात्र सोडून देतो!

पण भक्त हो, इथं एक इशाराही दिला पाहिजे. हृदयाचं दुखणं आहे, दमा आहे, चक्कर येते, गुडघा लचकतो, तर आत जाऊ नका. ही भीती नव्हे, हा विवेक आहे. ज्या देहानं उपासना करायची तो देह जपणं हीसुद्धा सेवाच. पायरीवर बसून आतल्या देवाला हात जोडलेत तरी तो नमस्कार त्याला पोचतो. आणि चपला सांभाळणं ही काय कमी सेवा आहे? फक्त एकदा मनाला खरं विचारा: मला थांबवणारा विवेक आहे की भय? विवेक शांतपणे सांगतो आणि गप्प बसतो. भय मात्र शंभर कारणं देत राहतं.

आता या स्थानाची कथा. झरासुर नावाचा दैत्य या गुहेत राहून शिवाची उपासना करी. नृसिंहानं त्याला मारलं. मरताना त्यानं मागितलं, "देवा, तू इथंच राहा आणि माझं नाव तुझ्या नावाला जोडून घे." देवानं ते मानलं. झरासुराचं पाणी झालं आणि ते देवाच्या पायांपासून वाहू लागलं. म्हणून आधी दैत्याचं नाव, मग देवाचं.

याचा अर्थ मनात मुरू द्या. देवानं दैत्याला गुहेबाहेर हाकललं नाही, त्याला पायाशी जागा दिली. ज्या पाण्याला आपण भितो, ते त्याच्याच पायांचं तीर्थ आहे. आपलं भयही असंच. ते घालवून मग देवाकडं जाऊ, असं म्हटलं तर जन्म संपेल. भयासकट जायचं आणि ते त्याच्या पायाशी ठेवायचं.

ज्यांना कधीच बीदरला जायचं नाही, त्यांनाही हे लागू आहे. आपल्या वयात बोगदे काही कमी नाहीत. एमआरआयच्या यंत्रात आडवं सरकवतात, तो एक बोगदा. ऑपरेशनला नेताना घरचे दारापाशी थांबतात, तो एक. जोडीदार गेल्यावर रिकाम्या घरातली पहिली रात्र, हा तर सगळ्यात लांब. तिथं सून नसते, नातू नसतो. तिथं ऐनवेळी नाम शोधायला गेलं तर सापडत नाही. आधीची सवय असेल तरच ओठावर येतं. झरणीचं पाणी ही त्याची तालीम आहे.

आणि शेवटचं पाणी तर सगळ्यांनाच आहे. गुरुचरित्रात श्रीनृसिंहसरस्वती गाणगापूर सोडून श्रीशैल्याला निघाले, तेव्हा शिष्य व्याकूळ झाले. महाराजांनी पाताळगंगेत फुलांचं आसन करवून घेतलं, त्यावर बसले आणि कर्दळीवनाकडं निघून गेले. काठावरच्यांना प्रसादाची फुलं प्रवाहातून आली. फुलांचं आसन ते काय, वजन पडलं की बुडायचं! पण महाराजांना पाणी आणि जमीन वेगळी नव्हती. आपली ती योग्यता नाही. आपण फक्त एवढं मागावं की, दत्तराया, पाणी छातीपर्यंत येईल तेव्हा तुझं नाव ओठापर्यंत येऊ दे.

या दत्तजयंतीला पाळणा हलवून झाला की दोन मिनिटं बसा. आपल्याला कशाचं भय वाटतं ते दत्तप्रभूंना नाव घेऊन सांगा. लाजू नका, त्यांच्यासमोर लक्ष्मीचीही भीती झाकलेली नाही. मग त्याच भयाच्या जोरानं एक माळ करा.

॥ अवधूतचिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥