लाल पान

त्या वर्षी मी बालवाडीत नवीन होते आणि फाईलवर माझा फार विश्वास होता.

फाईल जाडजूड, रंगीत. वर्षाचा एकेक आठवडा तीत आखून दिलेला. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या डोक्यावर लिहिलं होतं, ‘पानगळीचा आठवडा’. सोमवारी लाल-नारिंगी रंगकाम, मंगळवारी पानं मोजणं, बुधवारी हिवाळ्यासाठी दाणे साठवणाऱ्या खारीची गोष्ट, गुरुवारी भोपळा, शुक्रवारी गरम कपडे. शेजारी चित्र होतं: लाल पानांचा मोठा ढीग आणि त्यात लोळणारी, लोकरीच्या टोप्या घातलेली दोन मुलं. इकडे साताऱ्यात ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं. घामोळ्यांनी पोरांच्या माना लाल झाल्या होत्या आणि मी पुठ्ठ्याच्या टोप्या कापत बसले होते.

सोमवारी शाळा सुटताना मी सगळ्यांना सांगितलं, “उद्या प्रत्येकानं एकेक गळून पडलेलं लाल पान आणायचं.”

वर्गात तेवीस मुलं. मंगळवारी बावीस पानं आली. एकानं कुंडीतल्या क्रोटनचं पान तोडून आणलं होतं. एकीचं जास्वंदीचं हिरवं पान पोस्टर कलरनं लाल केलेलं, रंग अजून ओलाच, तिच्या फ्रॉकलाही लागलेला. एकाच्या बाबांनी घोटीव कागदाचं पान कापून दिलं होतं. एका आईनं तर प्लास्टिकच्या पानांचं पाकीटच मागवलं होतं, त्यातली तिनं चार-पाच मुलांना वाटलीही. मला समाधान वाटलं. टेबल लाल झालं होतं, अगदी चित्रासारखं.

रिकाम्या हातानं आली ती फक्त हारवाल्या आजीची नात. आजी देवळाच्या पायरीशी बसून हार करते आणि नात शाळा सुटली की तिच्या मांडीशी.

“पान कुठंय तुझं?”

“न्हाई गावलं.”

“शोधलंस का?”

“शोधलं की. पिंपळाखाली बसले व्हते दिवे लागूस्तर. आज्जी म्हनली, आत्ता न्हाई सोडायचा त्यो.”

“शोधलं की सापडतं,” असं म्हणून मी हजेरीच्या वहीत तिच्या नावापुढं फुली मारली. बावीस बरोबरच्या खुणा आणि एक फुली. ती माझ्या हाताकडे बघत होती. तिला अक्षरं येत नव्हती, फुली मात्र कळली.

तो पिंपळ शाळेच्या फाटकासमोरच आहे. रोज दोनदा मी त्याच्याखालून जाते. त्या दुपारी पहिल्यांदा मान वर केली. झाड हिरवंगार, वारा नव्हता तरी सगळी पानं थरथरत होती. खाली किडीनं खाल्लेली दोन पिवळी पानं होती, बाकी स्वच्छ फरशी. आजीचं बरोबर होतं. आपल्याकडे आश्विनात झाडं पानं सोडत नाहीत. नुकताच पावसाळा पिऊन तरारलेली असतात ती. पानं गळायची ती पुढं शिशिरात. बालवाडीच्या वर्गात असताना सहा ऋतू मलाही पाठ होते, मुलांकडूनही मी ते पाठ करून घेतले होते.

बुधवारी ती आली ती फ्रॉकचा ओचा दोन्ही हातांनी धरून. माझ्या टेबलाशी येऊन तिनं तो मोकळा केला. प्राजक्ताची फुलं. दव अजून वाळलेलं नव्हतं. टेबलावरची प्लास्टिकची पानं त्या ढिगाखाली गेली.

“बाई, पान न्हाई पडत. पन ह्ये पडतंय. रोज पडतंय.”

मला काही बोलताच येईना. ‘शरदात काय गळतं?’ हा प्रश्नच मी विचारला नव्हता. मी फक्त उत्तर मागितलं होतं, आणि तेही दुसऱ्या मुलखातलं. ते चित्र खोटं नव्हतं. ज्या देशात ऑक्टोबरमध्ये झाडं लाल होतात तिथल्या मुलांसाठी ते खरंच आहे, आणि त्यांनी त्या ढिगात जरूर लोळावं.

बालवाडी शिक्षिकेचा अभ्यासक्रम करताना बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांवर मी दोन पानं लिहिली होती. १९४५ साली त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. मुलं बालवाडीत येईनात म्हणून त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द तिथून आला. पुढं १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. गुरांमागं जाणाऱ्या वारली मुलांसाठी कुरणातच शाळा भरली. माँटेसोरीची विकतची साधनं महाग, म्हणून खडे, शिंपले, बिया, पानं अशी आजूबाजूला मिळणारी साधनं त्यांनी हाताशी घेतली. हे सगळं मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, चांगले गुण मिळवले, आणि वर्गात आले ती फाईल घेऊन.

खारीची गोष्ट त्या दिवशी राहिली. सगळ्यांना जमिनीवर गोल बसवलं आणि प्रत्येकापुढं चार-चार फुलं ठेवली. पाकळ्या मोजायला सांगितलं. एक ओरडला, “सहा!” दुसरी म्हणाली, “सातच आहेत.” तिसऱ्याच्या फुलाला पाच. भांडण जुंपलं. पुन्हा मोजा, एकमेकांची मोजा, बोट ठेवून मोजा. प्राजक्ताच्या सगळ्या फुलांना पाकळ्या सारख्या नसतात, म्हणून मोजण्यात जीव आला. आदल्या दिवशी प्लास्टिकची पानं मोजताना याच मुलांनी जांभया दिल्या होत्या.

मग हारवाल्या आजीच्या नातीनं एक फूल उचललं, पांढऱ्या पाकळ्या नखानं अलगद काढल्या, उरलेला देठ कागदावर घासला. केशरी रेघ उमटली. ओली, लख्ख. “आज्जीची बोटं अशीच व्हत्यात,” ती म्हणाली. पाच मिनिटांत वर्गातली सगळी बोटं केशरी झाली. पूर्वी याच देठांनी कापड रंगवायचे, हे मी मुलांना सांगितलं. कुणी ऐकलं नाही, सगळे रंगवत होते. फाईलमधलं लाल-नारिंगी रंगकाम त्या आठवड्यात असं, रंगाची बाटली न उघडता झालं.

सगळ्यांसमोर मी तिला म्हटलं, “काल माझं चुकलं. झाड पान सोडत नाही, हे तू बरोबर सांगितलं होतंस.” तिनं मान वर करून पाहिलं, “हां,” म्हणाली, आणि पुढचा देठ घेतला.

गुरुवारी पाटावर हत्ती काढून हादगा खेळलो, शुक्रवारी डोळे मिटून वासावरून खिरापत ओळखली. लोकरीच्या टोप्या कपाटात ठेवल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी विचारलं तेव्हा त्यांना केशरी कागद दाखवले. त्या कागदांकडे बराच वेळ बघत राहिल्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याही ओंजळीत फुलं होती.

वर्ष सरत आलं. फाल्गुनात पिंपळानं पानं टाकायला सुरुवात केली. फाटकापासून पायऱ्यांपर्यंत नुसती पिवळी पानं, झाडून झाडून मावशींचे हात दुखायचे. मग आम्ही मावशींना थांबवलं आणि ढीग केला. तेवीस मुलं त्यात लोळली, सुती कपड्यांत, केसांत पानांचा चुरा घेऊन. हारवाल्या आजीची नात मात्र लोळता लोळता एकेक पान उचलायची, बघायची, टाकायची. मी विचारलं तर म्हणाली, “पिवळंच हाय.” तिला अजून लाल हवं होतं. मी विसरले होते, ती विसरली नव्हती.

पाडव्याची सुट्टी संपली त्या सकाळी प्रार्थनेआधी तिनं माझा पदर ओढला. “बाई, चला.”

आम्ही फाटकाबाहेर गेलो. पाठोपाठ सगळा वर्ग. तिनं बोट वर केलं. उघड्या फांद्यांच्या टोकांना तांबूस लाल पालवी फुटली होती, एकेक पान तळहाताएवढंही नाही, लुसलुशीत, उन्हात आरपार दिसणारं.

“लाल गावलं बाई. पडल्यालं न्हाई. आत्ता आलंय.”

मागून एका मुलानं उडी मारून खालची फांदी धरली. ती पुढं झाली आणि त्याचा हात धरला.

“तोडू नगं. ल्हान हाय त्ये अजून.”

त्यानं फांदी हळूच सोडली. प्रार्थनेची घंटा झाली तरी आम्ही चोवीस जण माना वर करून तिथंच उभे होतो.