पिकलेले केस आणि स्त्रीचे मन

स्त्रियांनी केसांस कलप लावावा की न लावावा, हा विषय मंडळ्यांच्या साप्ताहिकात चर्चिण्याजोगा आहे काय, असे कित्येक वाचक विचारतील. गेल्या वर्षापर्यंत मीही तसेच विचारले असते. परंतु या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीपायी आमच्या मंडळीतील एक भगिनी तीन महिने प्रभुभोजनास आली नाही, आणि तिच्या न येण्यास मीच कारण झालो. म्हणून हा लेख लिहीत आहे. तिची अनुमती घेतली आहे.

ही बाई अडतिसाव्या वर्षी विधवा झाली. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात तिचे केस बहुतेक पांढरे झाले. दुःखाने केस एका रात्रीत पिकतात असे लोक म्हणतात. ते खरे नव्हे, कारण डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो आणि त्याचा रंग आतून पालटत नाही. केसाच्या मुळाशी रंग उत्पन्न करणाऱ्या पेशी असतात. त्या सरल्या म्हणजे पुढे उगवणारा केस पांढरा येतो. हे बहुतांशी आईबापांच्या रक्तातून ठरलेले असते. तथापि मोठ्या ताणाने या पेशी लवकर झिजू शकतात, असे २०२० साली प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील प्रयोगांत दिसून आले. तेव्हा त्या बाईच्या शोकाचा तिच्या केसांशी काहीच संबंध नव्हता, असे मी म्हणणार नाही.

नाताळाच्या आधी तिने बाजारातून काळ्या मेंदीची पुडी आणून केसांस लावली. रविवारी ती काळ्याभोर केसांचा अंबाडा घालून उपासनेस आली. उपासना आटोपताच दोन वडील माझ्याकडे आले. नवरा जाऊन दोन वर्षे झाली नाहीत, आता हे कोणासाठी, असे त्यांचे म्हणणे पडले. मी पुढील रविवारी पेत्राच्या पहिल्या पत्राचा तिसरा अध्याय घेऊन बाह्य शृंगारावर उपदेश केला. नाव घेतले नाही. परंतु खेड्यातील मंडळीत नाव घ्यावे लागत नाही. बाया मागे वळून पाहू लागल्या. घरी आल्यावर माझ्या पत्नीने ताट वाढता वाढता एवढेच विचारले, “तक्रार घेऊन आलेल्या त्या वडिलांचे वय किती?” त्यांचे वय त्रेसष्ट होते, आणि त्यांच्या मिशा कोळशासारख्या काळ्या होत्या. दर पंधरवड्यास न्हावी त्या रंगवीत असे, हे सर्व गावास ठाऊक होते. मला त्यात कधी काही वावगे दिसले नव्हते.

तेव्हापासून मी या प्रश्नाचा विचार करू लागलो.

कलपाविरुद्ध आपण जी शास्त्रवचने पुढे करतो, त्यांत पहिले मत्तय ५:३६. मनुष्यास आपला एकही केस पांढरा वा काळा करिता येत नाही, असा त्याचा आशय आहे. परंतु तेथे प्रभू शपथ वाहण्याविषयी बोलत आहे. आपल्या मस्तकाची शपथ वाहू नका, कारण त्या मस्तकावर तुमची सत्ता नाही, हे तेथील शिक्षण. कलपाने हे वचन खोटे पडत नाही, उलट सिद्ध होते. केस महिन्यास सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, आणि कलप लावणाऱ्या प्रत्येक स्त्रीस तीन-चार आठवड्यांत मुळाशी पांढरी रेघ दिसू लागते. दुसरे आवडते उदाहरण ईजबेलचे. तिने डोळ्यांत काजळ घातले व केस विंचरले, हे आपण मोठ्या आवाजात सांगतो. परंतु देवाचा कोप तिजवर काजळासाठी झाला नाही. नाबोथाचा द्राक्षमळा लाटण्यासाठी तिने खोटे साक्षीदार उभे करून एका निरपराध माणसास दगडमार करविली, हा तिचा अपराध. जमिनी लाटणाऱ्यांविरुद्ध उपदेश करणे कठीण, काजळाविरुद्ध सोपे. म्हणून बहुधा आपण तिचे डोळेच पाहत राहिलो.

पेत्राच्या वचनाविषयी माझी स्वतःची चूक अशी की, मी ते अर्धे वाचले. पेत्र केस गुंफण्याविषयी, सोन्याच्या दागिन्यांविषयी आणि वस्त्रे घालण्याविषयी एका दमात बोलतो. वस्त्रे घालणे पाप, असे कोणी म्हणणार नाही. स्त्रीची शोभा या वस्तूंवर टांगलेली नसावी, तिचे मूळ अंतःकरणात असावे, एवढा त्याचा भाव आहे. पौल तर करिंथकरांस लिहिताना लांब केस स्त्रीचे भूषण म्हणतो. ज्याला शास्त्रच भूषण म्हणते, त्याचा रंग गेल्याने तिला हळहळ वाटली, तर आपण तिला पोकळ म्हणावे काय?

आरंभीच्या मंडळीत या विषयावर सर्वांत कडक लिहिणारा म्हणजे कार्थेज येथील तर्तुल्यन. इसवी सन २०० च्या सुमारास त्याने स्त्रियांच्या वेशभूषेवर ग्रंथ लिहिला. त्याच्या काळच्या काही स्त्रिया केशराने केस पिवळे करीत. या स्त्रियांस आपल्या राष्ट्राची लाज वाटते, आपण जर्मन वा गॉल लोकांत जन्मलो नाही याची खंत वाटते, असा त्याचा आरोप होता. त्याची जीभ तिखट होती आणि स्त्रियांविषयीचे त्याचे पुष्कळ लिहिणे मला रुचत नाही; पण या आरोपात तथ्य आहे. शहरात शिकणाऱ्या आपल्या काही मुली काळे केस औषधाने फिकट करून सोनेरी करू लागल्या आहेत. त्यांस मी रागावणार नाही. परंतु आईने दिलेला रंग तुला का नकोसा झाला, आणि तो नकोसा आहे हे तुला कोणी सांगितले, एवढे मात्र विचारीन. पिवळे केस म्हणजेच सौंदर्य, असे गीतरत्नाच्या कवीस ठाऊक नव्हते. तो वधूच्या केसांस शेळ्यांच्या कळपाची उपमा देतो, आणि त्या देशातील शेळ्या काळ्या. त्याच काव्यात वधू आपल्या प्रियकराच्या डोमकावळ्यासारख्या काळ्या झुलपांची वाखाणणी करते. पुरुषाच्या केसांचे कौतुक स्त्रीने करावे, याचा पवित्र शास्त्रास संकोच नाही.

आणि केस रंगविणे ही मुळी स्त्रियांचीच खोड आहे असेही नाही. योसेफस या यहुदी इतिहासकाराने हेरोद राजाच्या घरातील कलहाची हकिकत लिहिली आहे. हेरोद आपले वय लपविण्यासाठी केसांस कलप लावतो, असे त्याचाच पुत्र अलेक्झांडर बोलल्याचे तीत आहे. पुढे इसवी सन पूर्व ७ च्या सुमारास हेरोदाने अलेक्झांडर व आरिस्तोबुल या दोन्ही पुत्रांचा वध करविला. म्हातारपणाची भीती सिंहासनावर बसली म्हणजे ती कलपाच्या वाटीत मावत नाही.

मग कलप ही लबाडी नव्हे काय? माझ्या मते लबाडीस दोन गोष्टी लागतात: ज्यास सत्य जाणण्याचा अधिकार आहे असा कोणी माणूस, आणि त्यास फसविण्याचा हेतू. लग्न जुळविताना पन्नाशीचा विधुर केस काळे करून चाळिशीचा म्हणवतो, ही उघड फसवणूक आहे. येथे मी पाळक या नात्याने जन्मदाखला मागतो. परंतु ज्या गावात एका बाईचे लग्न, बाळंतपण आणि वैधव्य सर्वांनी पाहिले, तेथे ती काळ्या केसांनी कोणास फसविणार? नीतिसूत्रे पिकलेल्या केसांस मुगूट म्हणतात, आणि तो नीतीच्या मार्गात लाभतो असेही सांगतात. हे वचन मला प्रिय आहे. माझी दाढी पांढरी होऊ लागली, तेव्हापासून लोक माझे बोलणे अधिक आदराने ऐकतात. पण तोच मुगूट स्त्रीच्या डोक्यावर आला की आपण तिला म्हातारी म्हणतो. सन्मान पुरुषाने घ्यावा आणि वचन स्त्रीला ऐकवावे, असा हा व्यवहार झाला आहे.

या देशात स्त्रीच्या केसांचा इतिहास आपण विसरू नये. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात उच्चवर्णीय विधवांच्या केशवपनाचे वर्णन केले, आणि १८८९ साली मुंबईत शारदा सदन उघडले. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिक बांधवांनी सभा भरवून, विधवांच्या डोक्यावर आम्ही वस्तरा चालविणार नाही, असे ठरविले. विधवा पुन्हा कोणाच्या नजरेस सुंदर दिसू नये, तिलाही आपण स्त्री आहोत याचा विसर पडावा, हाच त्या वस्तऱ्याचा हेतू होता. केस ही क्षुल्लक वस्तू असती तर ते काढण्याची एवढी सक्ती कोणी केली असती? त्या रूढीविरुद्ध उभे राहिलेल्या रमाबाईंचा आपण अभिमान बाळगतो; आणि आमच्या मंडळीत एका विधवेला विचारले गेले, “हे कोणासाठी?” वस्तरा तेवढा नव्हता.

मार्च महिन्यात मी व माझी पत्नी तिच्या घरी गेलो. तिने चहा ठेवला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग माझ्या पत्नीकडे पाहून म्हणाली, “बाई, आरशात मला माझी सासू दिसू लागली होती. धनी गेले, त्यांचे दुःख मी केले, अजून करते. पण मी बाई आहे, हेही त्यांच्याबरोबर पुरायचे होते काय?” मग ती माझ्याकडे वळली. “पाळकसाहेब, मला दुसरे लग्न करायचे नाही. करायचे असते तरी चोरी नव्हती.”

मजजवळ उत्तर नव्हते. मी तिची क्षमा मागितली.

त्या वेळी आणखी एक गोष्ट कळली. दुसऱ्या खेपेस मेंदी लावल्यावर तिच्या कपाळास खाज सुटून डोळे सुजले होते. परंतु लोक काय म्हणतील या लाजेने ती तीन दिवस दार लावून बसली आणि दवाखान्यात गेली नाही. भगिनींनी हे नीट ध्यानात घ्यावे. झाडाची मेंदी केस तांबूस करते, काळे करीत नाही. काळी मेंदी म्हणून जी पुडी मिळते, तीत बहुधा पॅरा-फेनिलिनडायमिन नावाचे रसायन असते. विसाव्या शतकाच्या आरंभापासून बहुतेक काळ्या कलपांत तेच आहे. ते काहींच्या कातडीस मुळीच सोसत नाही, आणि एकदा त्रास झाला की पुढच्या खेपेस तो बहुधा अधिक होतो. म्हणून थोडा कलप कानामागे लावून दोन दिवस वाट पाहावी. तोंड सुजले वा श्वास कोंडू लागला, तर एक घटकाही न दवडता डॉक्टरांकडे जावे. तेथे लाजू नये.

मला स्वतःला कलप आवडत नाही, हेही सांगितले पाहिजे. पांढऱ्या केसांची भीती विकून पैसा करणारे लोक आहेत; ती भीती दरमहा नवी करावी लागते, आणि तिच्यासाठी पोरांच्या वह्यांचा पैसा खर्चू नये, असे मी माझ्या मुलीस सांगेन. पात्म बेटावर योहानास गौरवी ख्रिस्ताचे दर्शन झाले, तेव्हा त्याचे केस लोकरीसारखे पांढरे होते, हेही तिला वाचून दाखवीन. परंतु मुलीस सांगणे निराळे, आणि वेदीवरून दुसऱ्याच्या डोक्याकडे बोट दाखविणे निराळे. बेथानी येथे मरियेने आपल्या केसांनी प्रभूचे चरण पुसले, तेव्हा नावे ठेवणारे तेथेही होते. प्रभूने त्यांस तिला त्रास देऊ नका म्हणून सांगितले. त्या केसांचा रंग कोणता, हे योहानाने लिहिले नाही.

ती बाई मागील महिन्यात प्रभुभोजनास आली. डॉक्टरांनी तूर्त काही लावू नको म्हणून सांगितले आहे. पुढे काय करावे, हे तिने ठरविलेले नाही. केस मुळाशी चार बोटे पांढरे आणि पुढे काळे होते. पदर मागे सरकला होता, तो तिने पुढे ओढला नाही. मी भाकर पुढे केली. तिने दोन्ही हातांनी घेतली.