गंगेचा प्रश्न

भागवताच्या नवव्या स्कंधात पृथ्वीवर उतरण्यापूर्वी गंगा भगीरथाला विचारते की, माणसे आपली पापे माझ्यात धुतील, मग ती मी कोठे धुवावीत? ज्यांच्या अंतःकरणात हरी वसतो असे साधू तुझ्यात स्नान करतील आणि त्यांच्या स्पर्शाने तुझे पाप जाईल, असे भगीरथ सांगतो. त्या श्रद्धेपुढे मी नम्र आहे. तरीही उत्तरापेक्षा प्रश्नच मला थोर वाटतो, कारण धुतलेले शेवटी गेले कोठे, याची चिंता त्या नदीला पडली होती.

तुमसरला हा प्रश्न पुराणापुरता राहत नाही. येथे धानाची मोठी बाजारपेठ आहे, भाताच्या गिरण्या आहेत, आणि याच तालुक्यात डोंगरी बुजुर्ग व चिखला येथे मँगनीजच्या खाणी आहेत. धान भरडले की वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस म्हणून उरते. ते अपुऱ्या हवेत जाळून कोळसा केला, आणि वाफेत अथवा फॉस्फोरिक आम्लासारख्या द्रव्यासह तापवून तो सच्छिद्र केला, म्हणजे त्याच्या एका ग्रॅमच्या रंध्रांत शेकडो चौरस मीटर पृष्ठभाग निर्माण होऊ शकतो. पाण्यातील शिसे, कॅडमियम यांचे कण त्यावर खिळून राहतात. मँगनीजपुढे मात्र या कोळशाचे सामर्थ्य बेताचेच. तेथे ऑक्सिडीकरण करून वाळूतून गाळणे अधिक खात्रीचे. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसे ०.०१ आणि मँगनीज ०.१ मिलिग्रॅमहून अधिक नसावे, असे भारतीय मानक सांगते. इतक्या अल्प मात्रेचा हा व्यवहार आहे.

परंतु धातू हे मूलद्रव्य आहे; जंतूप्रमाणे ते मरत नाही, रंगाप्रमाणे विघटित होत नाही. जे आहे त्याचा अभाव होत नाही, हे सांख्यांचे मत येथे अक्षरशः खरे ठरते. रंध्रे भरलेला कोळसा आम्लाने धुतला तर शिसे आम्लात उतरते, जाळला तर राखेत उरते, बांधावर फेकला तर पावसाबरोबर पुन्हा विहिरीकडे निघते. मग शुद्धी म्हणजे केवळ स्थलांतर आणि म्हणून मिथ्या, असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. मनुस्मृतीने पापमुक्तीच्या उपायांत पश्चात्तापाबरोबर ख्यापन, म्हणजे पापाचा उघड उच्चार, सांगितला आहे. बोलून दाखविलेले पाप नाहीसे होत नसले तरी ते कर्त्याच्या नावावर चढते. विखुरलेले विष एका ठिकाणी आणल्याने त्याचा जिम्मा कोणाकडे तरी सोपविता येतो, आणि शुद्धीचे खरे कार्य मला एवढेच दिसते.

येथेच आपल्या समाजाने घोर अन्याय केला. ज्यांनी गावाचा मळ उचलला त्यांनाच आपण अस्पृश्य ठरविले, म्हणजे मळ त्यांच्या अंगावर टाकून हिशेब मिटविला. गाडगेबाबांनी स्वतः हाती खराटा घेतला, तेव्हा त्या हिशेबालाच त्यांनी हरकत घेतली, असे मी मानतो. म्हणून एखाद्या ग्रामपंचायतीने असा कोळसा नळयोजनेत बसविण्याचे ठरविले, तर तो किती मुदतीने बदलावा, घातक कचऱ्याच्या बंदिस्त जागी कोणी पोहोचवावा, तो हाताळणाऱ्याला हातमोजे आणि योग्य मजुरी कोणत्या खात्यातून द्यावी, हे त्याच ठरावात नमूद केले पाहिजे, आणि त्याखाली सरपंचाची सही असली पाहिजे.