आधी सोसायटी, मग इमारत

मुंबईत सध्या स्वयंपुनर्विकासाचं वारं आहे. बिल्डरला वगळून सोसायटीनेच जुनी इमारत पाडायची, कर्ज काढून नवी बांधायची, वाढीव चटईक्षेत्रातल्या सदनिका बाजारभावाने विकून कर्ज फेडायचं आणि उरेल ते सभासदांनी वाटून घ्यायचं, असा हा व्यवहार. २०१९ साली राज्य सरकारने त्यासाठी सवलतीही जाहीर केल्या. व्यवहार कायदेशीर आहे, आणि रखडलेल्या प्रकल्पात बिल्डरकडे भाड्याच्या चेकसाठी खेटे घालण्यापेक्षा कितीतरी बरा आहे. खटकतं ते त्याचं बारसं. बिल्डर नाही म्हणजे नफेखोरी नाही, नफेखोरी नाही म्हणजे परवडणारं घर, अशी उडी मारून त्याला ‘ना नफा घरबांधणी’च्या पंगतीत बसवलं जातं. समजा, चारशे फुटांच्या सभासदाला सहाशे फूट मिळाले आणि विक्रीची सदनिका दोन कोटींना गेली. बाहेरून येऊ पाहणाऱ्या परिचारिकेला किंवा बसचालकाला त्यातून काय मिळालं? नफा होता तिथेच आहे, खिसा तेवढा बदलला.

‘ना नफा घरबांधणी’ या कल्पनेची वंशावळ सगळ्यांना पाठ आहे: इंग्रज नगरनियोजक हॉवर्डची उद्याननगरी, इंग्लंडमधल्या भाडेकरूंच्या सहभागीदारी संस्था, पहिल्या महायुद्धानंतरचं ‘लाल’ व्हिएन्ना. आपल्याकडे १८९६च्या प्लेगनंतर सुधार ट्रस्ट आला, चाळी उभ्या राहिल्या. त्यात वादाचं फारसं काही नाही. थांबायचं ते १९१५पाशी. १९०४चा सहकार कायदा फक्त पतसंस्थांपुरता होता, १९१२च्या कायद्याने इतर संस्थांना दार उघडलं, आणि तीन वर्षांत रावबहादूर तालमकी यांच्या पुढाकाराने गावदेवीत सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. एका ज्ञातीची संस्था, म्हणून ती आज आदर्श ठरणार नाही, ठरूही नये. पण भाडेकरू सहभागीदारी या तिच्या घाटामागचा विचार पाहण्यासारखा आहे. जमीन आणि इमारत संस्थेची. सभासद भागभांडवल भरतो, दरमहा भाडं देतो, त्या भाड्यातून कर्ज फिटतं आणि डागडुजी होते. सोडून जाताना त्याने आपलं भांडवल न्यावं, मधल्या काळात वाढलेली जमिनीची किंमत नेऊ नये. घर खर्चाच्या भावात मिळालं, ते पुढच्यालाही खर्चाच्याच भावात मिळावं. ‘ना नफा’ या शब्दांचा खरा अर्थ एवढाच. बांधताना कोणी किती कमावलं हा त्यातला लहान प्रश्न. पन्नास वर्षांनी जमिनीचं वाढलेलं मोल कोणाचं, हा मोठा.

हा अर्थ कधी हरवला, असं विचारलं की बहुतेक जण १९९१नंतरच्या उदारीकरणाकडे किंवा झोपडीवासीयांना मोफत घरं देण्याच्या १९९५च्या घोषणेकडे बोट दाखवतात. मला ते पटत नाही. काम त्याच्या तीस वर्षं आधीच झालं होतं, तेही अत्यंत सद्हेतूने. १९५०च्या दशकात मालकी तत्त्वावर सदनिका विकण्याचा धंदा फोफावला, प्रवर्तकांनी लोकांना फसवलं, आणि त्याला चाप म्हणून १९६३ साली ‘मोफा’ हा मालकी सदनिकांचा कायदा आला. नोंदणीकृत करार करा, खरेदीदारांची संस्था स्थापन करा, तिच्या नावे अभिहस्तांतरण करा, असं त्याने बिल्डरला बजावलं. ग्राहकसंरक्षणाचा कायदा म्हणून तो वाचला जातो आणि तसा तो आहेच. पण क्रम पाहा. पूर्वी माणसं एकत्र येत, संस्था नोंदत, जमीन मिळवत आणि मग पाया खणला जाई. आता बिल्डर बांधणार, विकणार आणि शेवटी ग्राहकांची सोसायटी करून देणार. घर बांधणारी संस्था जिन्यातले दिवे आणि पाण्याचा पंप सांभाळणारी झाली. पुढचा घाव १९७५चा. रमेश हिंमतलाल शहा खटल्यात एका सभासदाच्या कर्जापोटी त्याच्या सदनिकेवर जप्ती येऊ शकते का, हा प्रश्न होता. सहभागीदारी संस्थेतला राहण्याचा हक्क हीसुद्धा मालमत्ताच आहे, तिच्यावर जप्ती आणून ती विकता येते, असा सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. धनकोच्या बाजूने पाहिलं तर निकाल रास्तच होता. त्याने राहण्याच्या हक्काला बाजारात भाव मिळाला, एवढं मात्र खरं. २००१च्या सरकारी परिपत्रकानुसार महापालिका हद्दीत संस्थेला हस्तांतरणावर फार तर २५,००० रुपये अधिमूल्य घेता येतं. सदनिका दीड कोटीला जावो की पाच कोटींना, संस्थेचा वाटा २५,०००. गंमत अशी की अनेक सोसायट्यांच्या नोंदणी क्रमांकात ‘टीसी’ ही इंग्रजी आद्याक्षरं अजून दिसतात. ती भाडेकरू सहभागीदारीची आहेत, आणि नोंदणी क्रमांकापलीकडे त्या सोसायट्यांत तिचं फारसं काही उरलेलं नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: मध्यमवर्गीयाची आयुष्यभराची पुंजी म्हणजे घर, तिची वाढ त्याने का सोडावी? खुल्या बाजारात पूर्ण भाव मोजून घेतलं असेल तर सोडू नये. पण जिथे सरकारी जमीन स्वस्त पट्ट्याने मिळाली, जास्तीचं चटईक्षेत्र मिळालं, शुल्क माफ झालं, तिथे समाजाने भांडवल घातलेलं आहे. त्यावरची वाढ एकाच कुटुंबाने का न्यावी? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. परतावा गोठवला की इमारती मोडकळीस येतात. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने तेच केलं आणि १९६९ साली उपकरप्राप्त इमारतींसाठी दुरुस्ती मंडळाचा कायदा करावा लागला. पण तिथे राहणारा एक आणि मालक दुसरा होता, आणि भाड्यात दुरुस्तीचाही खर्च निघत नव्हता. सहभागीदारीत राहणारे मिळूनच मालक, आणि भाडं खर्चावर बेतलेलं. व्हिएन्नातल्या मर्यादित नफ्याच्या संस्था आजही याच हिशेबाने चालतात. भाडं खर्चाएवढं ठेवायचं, शिल्लक पुन्हा घरांतच घालायची.

आपल्याकडे एवढं मोठं काम होणारच नाही, असंही कोणी म्हणेल. पण ते झालेलं आहे. मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या नागरी निवारा परिषदेने गोरेगावात दिंडोशीला कमाल जमीन धारणा कायद्याखालची अतिरिक्त जमीन झगडून मिळवली आणि सहा हजारांवर घरं उभी केली. तिथे आधी माणसं संघटित झाली, विटा नंतर आल्या. तो कायदाच २००७ साली महाराष्ट्राने रद्द केला, आणि तशी जमीन मिळवण्याची वाट बंद झाली. म्हाडाच्या सोडतीतलं स्वस्त घरही पाच वर्षांनी खुल्या बाजारात विकता येतं. पहिल्याला ते परवडतं, दुसऱ्याला नाही.

स्वयंपुनर्विकास जरूर करावा, फक्त त्याला त्याच्या नावाने हाक मारावी. आणि तुमच्या सोसायटीच्या विशेष सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा आराखडा येईल तेव्हा एक प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या: विक्रीच्या सदनिकांपैकी दोन-चार संस्थेच्याच नावावर ठेवून खर्चाएवढ्या भाड्याने देता येतील का?