देवाची मालमत्ता आणि वारसांची गढी

फ्रान्सच्या ग्रामीण प्रांतांत एखादा जुना शातो, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या एका घराण्याच्या वहिवाटीत असलेला दगडी प्रासाद, आपल्या भोवतीचा खंदक, उद्यान, तबेले, द्राक्षमळे, कुळांची घरे आणि दूरवर पसरलेली शेते व वने यांसह विक्रीस निघतो, तेव्हा त्या व्यवहारात आपल्याकडच्या वाचकाने विचारात घ्यावी अशी गोष्ट त्याची किंमत ही नसून, चारशे-पाचशे वर्षांच्या उलथापालथीनंतरही ती सबंध मालमत्ता एका खरेदीखतात मावण्याइतकी अखंड उरली, ही आहे. किंमत तर पुष्कळदा आश्चर्य वाटावे इतकी अल्प असते; पॅरिसमधील एखाद्या प्रशस्त घराच्या मोलात खेड्यातला शातो मिळू शकतो, कारण विकत घेणारा केवळ वास्तू घेत नसून तिच्या छपराच्या, भिंतींच्या आणि खिडक्यांच्या दुरुस्तीचे न संपणारे कर्तव्यही शिरावर घेत असतो.

आमच्या देऊळगाव राजाच्या टापूत, सिंदखेडपासून जालन्यापर्यंतच्या मुलखात, एखादी गढी अशी साद्यंत विकली गेल्याचे सहसा कानी येत नाही. येथे गढी विकली जात नाही. ती हळूहळू नाहीशी होते. मूळ पुरुषाच्या मागे चार मुलांची नावे लागतात, त्या चौघांच्या मागे पंधरा-वीस वारसांची, आणि मग भूमिअभिलेखाच्या उताऱ्यावर एकेका चौकाला, एकेका सोप्याला, प्रसंगी विहिरीच्या पाण्यालाही आणेवारी लागते. पुण्या-मुंबईस किंवा परदेशी गेलेल्या हिस्सेदाराची संमती मिळत नाही, आणि घरी राहिलेल्याच्या एकट्याच्या खर्चाने सामाईक छत शाकारले जात नाही. एका पावसाळ्यात दिवाणखान्याची तुळई खचते. खचली म्हणून तिचे सागवान उतरवले जाते. उतरवले म्हणून ते जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याला दिले जाते. आणि कोरीव खांब, चौकटी, महिरपी दूरच्या शहरातील उपाहारगृहांच्या शोभेला जाऊन लागतात. छप्पर गेल्यावर भिंतींचे आयुष्य फार नसते. विटांच्या खालचा जो पांढऱ्या मातीचा भव्य उंचवटा, ज्यावर गढी उभी होती, त्याची माती गावकरी आपल्या धाब्यांवर घालण्यासाठी टोपल्याटोपल्यांनी खणून नेतात. या साऱ्या क्रमात कोणी एक मनुष्य अपराधी नसतो, आणि म्हणूनच तो क्रम कोणाला थांबवता येत नाही.

ज्या घराण्याच्या नावाने हा मुलूख ओळखला जातो त्या जाधवांचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. सिंदखेडचे लखुजी जाधवराव हे निजामशाहीतले बलाढ्य सरदार. त्यांची कन्या जिजाऊ 12 जानेवारी 1598 रोजी सिंदखेडच्या वाड्यात जन्मली. आणि 1629 च्या जुलैत दौलताबादेस निजामशहाच्या दरबारात लखुजी, त्यांचे पुत्र आणि नातू विश्वासघाताने मारले गेले. त्या एका आघाताने घराणे संपले नाही. त्याच्या शाखा पसरल्या, आणि देऊळगाव राजा, किनगाव राजा, आडगाव राजा, मेहुणा राजा ही आसपासच्या गावांची नावे त्या विस्ताराची साक्ष आजही देतात. पुढे मोगलाई आली, हैदराबादच्या निजामाचा अंमल बसला, आणि 1850 मध्ये जाधवांच्या लोकांची निजामाच्या फौजेशी चकमक उडाल्यावर दुसऱ्याच वर्षी वंशपरंपरागत मुलूख जप्त झाला. घराण्याचे प्रमुख बाजीराव 1856 मध्ये राजकैदी म्हणून निवर्तले. मधल्या काळात, 1853 च्या तहाने, निजामाने सारा वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केला होता. नव्या रयतवारीत देशमुख-देशपांड्यांच्या जमाबंदीच्या अधिकाराला जागा उरली नाही. शंभर वर्षांनी, 31 मार्च 1951 पासून, हा भाग तेव्हा ज्यात होता त्या मध्य प्रदेशच्या कायद्याने उरलेसुरले जहागिरीचे आणि इजाऱ्याचे हक्क नष्ट केले, आणि 1961 च्या कमाल जमीनधारणेच्या कायद्याने मोठ्या क्षेत्रांची मर्यादा ठरवली.

हे कायदे अन्याय्य होते असे मी मुळीच म्हणत नाही. कसणाऱ्याच्या हाती जमीन जाणे हे या देशातील अत्यंत आवश्यक कार्य होते, आणि ते अजूनही पुरे झालेले नाही. परंतु त्या कायद्यांनी उत्पन्न घेतले आणि वास्तू मागे ठेवली. ज्या महसुलावर गढीचे छप्पर दरसाल शाकारले जाई तो आटला, आणि तिच्या रक्षणाची कोणतीही पर्यायी तजवीज कोणी केली नाही. देहाचा आहार बंद करून त्याने दीर्घायुषी व्हावे अशी अपेक्षा करण्यासारखेच ते होते.

फ्रेंचांचा स्वभाव आपल्यापेक्षा अधिक इतिहासप्रिय म्हणून त्यांचे प्रासाद वाचले, असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. 4 ऑगस्ट 1789 च्या रात्री त्यांच्या राष्ट्रसभेने सरंजामी हक्कांचा उच्छेद केला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात धर्मसंस्थेची मालमत्ता राष्ट्राची झाली. आणि पुढे देश सोडून गेलेल्या उमरावांची जप्त होऊन लिलावात निघाली. ते लिलाव घेणाऱ्यांत अशा सटोडियांच्या टोळ्या होत्या की ज्या प्रासाद विकत घेऊन त्याचे शिसे, लोखंड, दगड आणि तुळया सुट्या विकत. लोक त्यांना ‘काळी टोळी’ म्हणत, आणि तरुण व्हिक्टर ह्यूगोने या विध्वंसकांविरुद्ध युद्धच पुकारणारा लेख लिहिला. त्यात भर म्हणजे 1804 च्या नेपोलियनच्या दिवाणी संहितेने ज्येष्ठ पुत्राला एकाधिकार न देता सर्व अपत्यांना समान वारसा दिला. म्हणजे आपल्या मिताक्षरेने, वारसाच्या हिंदू शास्त्राने, जे संकट गढीवर आणले तेच तेथे शातोवर आले. पोर्तुगीज संहितेच्या अमलाखालील गोव्यातही हेच घडले: चांदोरचे ब्रागांझा घराण्याचे विशाल घर त्याच्या दोन शाखांत मधोमध विभागले गेले आणि आजही ते दोन अंगांनी उभे आहे. तेथे निदान दोनच वाटे पडले, हे त्या घराचे भाग्य.

फ्रान्सने या संकटावर जे उपाय योजले ते भावनेचे नव्हते, व्यवस्थेचे होते. 1834 मध्ये प्रॉस्पेर मेरिमे हा कथालेखक ऐतिहासिक वास्तूंचा महानिरीक्षक झाला आणि वर्षानुवर्षे गावोगाव हिंडून त्याने काय उरले आहे याची नोंद केली. 31 डिसेंबर 1913 च्या कायद्याने असे ठरले की एखादी वास्तू संरक्षित म्हणून एकदा जाहीर झाली की ती कोणाच्याही हाती गेली तरी ते बंधन तिच्याबरोबर जाईल; विकणाऱ्याने घेणाऱ्याला तसे सांगितले पाहिजे, आणि सरकारच्या अनुज्ञेवाचून तिचा एक दगडही हलवता येणार नाही. त्या मोबदल्यात दुरुस्तीला अनुदान आणि करात सवलत मिळते, आणि जो मालक वर्षातील ठरावीक दिवस लोकांना आपले द्वार उघडतो त्याची सवलत मोठी असते. 2016 च्या कायद्याने तर घरातील ऐतिहासिक सामानही घराशी जखडून ठेवण्याची सोय केली. वारसांना वाटे पाडावे लागू नयेत म्हणून कित्येक कुटुंबांनी वास्तू एका नागरी मंडळीच्या, म्हणजे भागीदारांच्या संस्थेच्या, नावे केली. भाऊबहिणी भागांचे धनी झाले, भिंतींचे नव्हे. सर्वांत उद्‌बोधक उदाहरण मोथ-शांदनिये येथील शातोचे आहे. 1932 मध्ये तो जळाला, त्यात झाडे उगवली, तळ्याच्या पाण्यात त्याचे मनोरे ओसाड उभे राहिले. आणि 2017 मध्ये शंभराहून अधिक देशांतील पंचवीस हजारांवर सामान्य माणसांनी थोडीथोडी वर्गणी घालून तो 5 लाख युरोंना विकत घेतला. आज ती माणसे त्याची भागधारक आहेत, आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही निधनाने त्या वास्तूची एक वीटही वेगळी होत नाही.

या साऱ्याकरिता सातासमुद्रापार जाण्याचे कारण नव्हते, कारण हे तत्त्व देऊळगाव राजाच्या भर वस्तीत शतकानुशतके उभे आहे. ज्या जाधव घराण्याचा मुलूख गेला त्याच घराण्याच्या आश्रयाने येथे श्रीबालाजीचे संस्थान उभे राहिले. आश्विनात यात्रा भरते, लाठा मंडपाचा उत्सव होतो, विदर्भ-मराठवाड्यातून भाविक लोटतात, आणि देवाच्या पायी आलेले द्रव्य देवाच्याच नावे जमा होते. जे घराण्याने स्वतःसाठी राखले ते जप्त झाले, विभागले, विरले. जे देवाला अर्पण केले ते टिकले. श्रद्धावान मनुष्य याला ईश्वरी संकेत म्हणेल, आणि त्या श्रद्धेचा अनादर करण्याचा माझा हेतू नाही. परंतु त्यात एक लौकिक कारणही आहे, आणि ते नीट समजून घेतले पाहिजे. देव मरत नाही, देवाला वारस नसतात, आणि म्हणून देवाची वाटणी होत नाही. 1925 मध्ये कलकत्त्याच्या मलिक घराण्याच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे असा निर्णय दिला तेव्हा आपल्या समाजाने पूर्वापार मानलेल्या गोष्टीलाच न्यायासनाची मुद्रा लागली. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाने त्यावर आणखी एक कुलूप घातले: धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीशिवाय विश्वस्तांना अशी स्थावर मालमत्ता विकता येत नाही.

तर मग प्रश्न असा की, जे कवच आपण गाभाऱ्याला दिले ते दिवाणखान्याला का देऊ नये? गढी ही पूजास्थान नाही हे खरे. पण कायद्याला मूर्तीच हवी असते असेही नाही. तोच अधिनियम विद्येच्या आणि लोकोपयोगाच्या न्यासांनाही लागू आहे. हिस्सेदारांनी एकत्र येऊन गढी अशा न्यासाच्या नावे करावी, स्वतःसाठी विश्वस्तपणाच्या काही जागा आणि राहत्या भागाचा हक्क राखून ठेवावा, आणि गावाला लाभार्थी करावे, यात कायद्याची अडचण थोडी आणि मनाची अधिक आहे.

मनाची अडचण दोन बाजूंची आहे. वारसाला वाटते की आपल्या पूर्वजांचे घर गावाच्या हाती गेले म्हणजे आपले नाव गेले. गावाला, आणि विशेषतः ज्यांच्या पूर्वजांनी त्या कोटात वेठ केली त्यांना, वाटते की ज्या भिंतींनी आम्हाला बाहेर ठेवले त्या आम्ही का राखाव्या. ही दुसरी अडचण मला अधिक आदरणीय वाटते, आणि तिला टाळून पुढे जाता येणार नाही. आमच्याच तालुक्यातील मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मग्राम मानले जाते. आणि ते चोखोबा मंगळवेढ्यास गावकुसाचे काम करीत असता भिंत कोसळून तिच्याखाली गेले, असे परंपरा सांगते. कोटाच्या दगडाला राबणाऱ्याच्या देहाचे मोल लागलेले असते, याची याहून विदारक आठवण दुसरी कोणती असणार? म्हणून गढी राखायची ती सरदाराच्या वैभवाची आरती म्हणून नव्हे. ज्यांनी माती वाहिली, चुना मळला, तुळया चढवल्या त्यांच्या कौशल्याचा तो जवळजवळ एकमेव उरलेला पुरावा आहे म्हणून. सनदेत त्यांची नावे कोणी लिहिली नाहीत. त्यांची अक्षरे भिंतीतच आहेत.

दुसरा मार्ग बाजाराचा आहे. सासवडजवळील पिलाजी जाधवरावांची गढी 2007 च्या सुमारास उंची निवासाचे हॉटेल झाली. वास्तू उभी राहिली, लोकांना काम मिळाले, आणि हे मी कमी लेखत नाही. परंतु हा उपाय पुण्यासारख्या धनाढ्य नगराच्या सावलीतच चालतो. समृद्धी महामार्ग सिंदखेड राजाशेजारून गेला तरी त्यावरून धावणाऱ्या मोटारी किनगावच्या किंवा आडगावच्या मातीच्या बुरुजासाठी थांबतील, असे मानणे भाबडेपणाचे होईल. शासनाच्या संरक्षणाचाही हात मर्यादितच पोहोचतो. लखुजीरावांचा वाडा आणि समाधी यांना ते लाभले ते जिजाऊंच्या नावामुळे, आणि योग्यच झाले. 2024 मध्ये त्या समाधीच्या परिसरात पुरातत्त्व खात्याच्या उत्खननात शेषशायी विष्णूची अप्रतिम मूर्ती निघाली तेव्हा या भूमीच्या पोटात अजून काय आहे याची जाणीव सर्वांना झाली. पण ज्या गढीत कोणी जिजाऊ जन्मली नाही तिने काय करावे?

माझ्या मते आरंभ वास्तूपासून नव्हे, दफ्तरापासून व्हावा. प्रत्येक जुन्या घराण्याच्या माळ्यावर रुमालांत बांधलेली मोडी कागदपत्रे आहेत: सनदा, कौल, जमाबंदीचे तक्ते, बलुतेदारांच्या हक्कांचे निवाडे, आणि मारुतीच्या देवळासमोर पाणी कोणी आधी भरावे यावरचे तंटेसुद्धा. त्यांत राजांपेक्षा रयतेचा इतिहास अधिक आहे. त्यांची वाटणी कोणी मागत नाही, त्यांना बाजारात भाव नाही, आणि वाळवीखेरीज त्यांना दुसरा हिस्सेदार नाही. म्हणून सर्व वारसांची संमती मिळण्याजोगी ही पहिली मालमत्ता आहे. तालुक्यातील दोन-चार घराण्यांनी आपले रुमाल एका न्यासाच्या स्वाधीन करावेत, मोडी जाणणाऱ्या दोन तरुणांना त्यावर बसवावे, आणि त्या कामासाठी गढीचीच एक खोली, जिचे छप्पर अजून शाबूत आहे अशी, दुरुस्त करून द्यावी. त्या खोलीचा न्यासपत्रात उल्लेख येईल, नकाशा निघेल, सिटी सर्व्हेच्या उताऱ्यावर न्यासाचे नाव चढेल. आणि पुढच्या पावसाळ्यात तिच्या कौलांचा खर्च कोणी करायचा, यावर हिस्सेदारांत वाद होण्याचे कारण उरणार नाही.