पंचवीस टक्के कमी

प्रेम टक्क्यांत मोजता येते, ही गोष्ट इतकी वर्षे बँकेत काढूनही माझ्या ध्यानात आली नव्हती. ती शिकवली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी. ऑक्टोबर २०१८ मध्ये टेलर स्विफ्ट या गायिकेने टेनेसी राज्याच्या निवडणुकीत आपण कोणाला मत देणार ते उघड सांगून टाकले. ट्रम्पसाहेबांच्या पक्षाच्या बाईंना देणार नाही, हेही सांगितले. वार्ताहरांनी छेडल्यावर साहेब म्हणाले, तिचे संगीत आता आपल्याला साधारण २५ टक्के कमी आवडते.

आता मी पडलो बी.कॉम. माझ्या मनात पहिली शंका आली, २५ टक्के कशावर? मूळ मुद्दलावर की घटत्या शिलकीवर? मुद्दलावर असतील तर बाईंनी आणखी तीन मते मांडली की खाते बंद. घटत्या शिलकीवर कापत गेले, तर थोडीशी आवड कायम पडून राहणार. हा पेच मी सौभाग्यवतींपुढे मांडला. ती म्हणाली, "अहो, गॅसचा नंबर लावलात का?"

या बाईंची आणि माझी ओळख आमच्या कन्येने करून दिली. म्हणजे भिंतीने करून दिली. हॉल आणि तिची खोली यांच्यामधल्या भिंतीपाशी बिल्डरचा हात जरा आखडला होता, त्यामुळे ती जे ऐकते ते सगळे कुटुंब ऐकते. ३१ जानेवारी २०२०ला या गायिकेवरचा 'मिस अमेरिकाना' हा माहितीपट आला आणि त्याच्या अखेरीस वाजणारे 'ओन्ली द यंग' हे नवे गाणेही त्याच दिवशी निघाले. कन्येची दहावीची परीक्षा महिन्यावर. पण भूमितीचे पुस्तक मिटवून ती, तिच्या दोन मैत्रिणी आणि एक मोबाईल अशी चौघांची बैठक बसली.

एरवी या बाई आपल्या प्रेमभंगांवर गातात, आणि इतके मन लावून गातात की आपणच त्या पोराला बोलावून दोन शब्द सुनवावेत असे वाटते. हे गाणे तसले नव्हते. निवडणुकीच्या निकालाने खचलेल्या तरुणांना धीर देणारे होते. शाळेत गोळीबार होईल या धाकात वर्गात बसणारी तिकडची पोरेही त्यात होती. मागे लहान मुलींचे कोवळे आवाज. ते गाण्याच्या सहनिर्मात्याच्या दोन लेकींचे, असे कळले. मी चहाचा कप घेऊन दारात उभा राहिलो. खोटे कशाला सांगू, घशाशी काहीतरी आले.

आत मात्र खडाजंगी. कन्या म्हणत होती, "बोलली एकदाची!" एक मैत्रीण डोळे पुसत होती. दुसरीचा सवाल रोखठोक होता, "इतकी वर्षं कुठे होती मग? २००६ पासून गातेय."

दुसऱ्या दिवशी मी हे बँकेत सांगितले. शेजारच्या काउंटरवरच्या सहकाऱ्याने नोटांची गड्डी न थांबवता निकाल दिला, "गाणारणीने गावं. आपण नोटा मोजताना भाषण करतो का?"

मला ते पटले. खरे तर त्या सिनेमात मला सगळ्यात जवळचे वाटले ते तिचे वडील. गृहस्थ शेअरबाजारातले. मुलगी मत जाहीर करायचे म्हणते आणि हा बाप तिच्या जिवाच्या काळजीने हैराण. त्यांच्या बाजूचा एकजण तर विचारतो की तुझ्या पुढच्या दौऱ्याला निम्मेच लोक आले तर चालेल का? हा प्रश्न मी विचारला असता. भीतीही पोकळ नव्हती. मार्च २००३ मध्ये डिक्सी चिक्स या गायिकांपैकी एकीने लंडनच्या रंगमंचावर इराक युद्धावरून आपल्याच राष्ट्राध्यक्षांची लाज वाटते म्हटले, तर रेडिओ केंद्रांनी त्यांची गाणी बंद केली आणि लोकांनी त्यांच्या सीडी यंत्राखाली चिरडल्या. म्हणजे कालपर्यंत त्याच सीडीवर ज्यांनी डोलून माना मोडून घेतल्या, त्यांनी!

हिशेबाने पाहिले तर टेलरबाईंचा व्यवहार तोट्याचाच. सिनेटचा त्यांचा उमेदवार हरला. हां, त्यांच्या आवाहनानंतर चोवीस तासांत एका संस्थेकडे ६५,००० मतदारांनी नोंदणी केली, हे जमेला धरायचे. पुढे ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांनी हेच गाणे बायडेन-हॅरिस यांच्या प्रचाराच्या एका चित्रफितीला वापरू दिले.

पण टाळ्या वाजवणाऱ्यांचेही मला फारसे कौतुक वाटेना. ज्यांनी २५ टक्के कापले आणि ज्यांनी २५ टक्के वाढवले, त्यांची वही एकच. आपल्या मताशी जुळले की धाडस, नाही जुळले की आगाऊपणा. हे मी कन्येला ऐकवले, जरा चढ्या आवाजातच. तिने शांतपणे विचारले, "बाबा, तू कधी असं काही बोललायस? म्हणजे जिथे बोलल्याने तुझं काही जाईल, अशा ठिकाणी?"

मी भूमितीच्या पुस्तकाची चौकशी केली.

आता सांगतो. २०१७ साली आमच्या शाखेत विम्याचे टार्गेट होते. एक मावशी नवऱ्याच्या मागे मिळालेले दोन लाख मुदत ठेवीत टाकायला आल्या. त्यांना केबिनमध्ये बसवले, चहा दिला, सह्या घेतल्या. ठेव म्हणून त्या जे घेऊन बाहेर आल्या ती विम्याची पॉलिसी होती, दरवर्षी तेवढाच हप्ता असलेली. मी दोन हातांवर बसलो होतो. सगळे दिसत होते.

पॉलिसी हातात पडल्यावर परत करायला त्या काळी पंधरा दिवसांची मुदत असे. त्या पंधरा दिवसांत मावशी दोनदा पासबुक भरायला माझ्याच काउंटरवर आल्या. एका वाक्याचे काम होते, "मावशी, ते कागद आजच्या आज परत करा." त्यासाठी दौरा निम्मा होणार नव्हता की माझ्या सीडीवरून कोणी ट्रॅक्टर नेणार नव्हते. फार तर बदली झाली असती, कर्जतच्या पुढे कुठेतरी. मी पासबुक भरून दिले आणि म्हणालो, "पावसाळा लांबला यंदा."

वर्षाने त्या व्याज विचारायला आल्या तेव्हा त्यांना दुसऱ्या हप्त्याची आठवण करून देण्यात आली. हप्ता त्यांना भरता आला नाही. पहिल्यातले किती परत मिळाले, हा आकडा मला ठाऊक आहे. टक्क्यांतही ठाऊक आहे. इथे लिहीत नाही.

कन्या आता विशीत आहे, भिंत तशीच आहे. गाणे अधूनमधून ऐकू येते. मावशीही येतात, दर महिन्याच्या पाच तारखेला, पेन्शनसाठी. शेजारचा काउंटर रिकामा असला तरी माझ्याच रांगेत थांबतात. गेल्या महिन्यात मी म्हटले, "मावशी, तिकडे जा की, लवकर होईल."

"असू दे हो भाऊ," त्या म्हणाल्या, "तुम्ही ओळखीचे. तुमच्याकडे फसायची भीती नाही."

मी नोटा मोजल्या. दोनदा मोजल्या, आणि दोन्ही वेळा चुकल्या.